न पिणाऱ्या माणसाचं लिव्हर

ह्यांना रक्ताची उलटी झाली ती सकाळी सात वाजता, दाढी करता करता. बेसिन लाल झालं. मी धावत जाऊन दंड धरला, तर म्हणतात, "नाकातून घशात उतरलं असेल." हा माणूस देवळीच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झाला होता. नाकातून एवढं रक्त उतरत नाही हे त्यांच्या सातवीतल्या पोरांनीही सांगितलं असतं.

बोरगाव मेघेहून सेवाग्रामला ऑटोने नेलं. तिथं डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी रिंगा बसवल्या आणि रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन खाटेशी आल्या. लिव्हर कडक झालंय म्हणाल्या, सिरॉसिस आहे. आणि मग रोज कितीतरी जणांना विचारत असतील तसं सहज विचारलं, "काका, घेता का? किती वर्षांपासून?"

रक्त गेल्यावर ह्यांचा चेहरा उतरला नव्हता तेवढा त्या प्रश्नानं उतरला.

त्याला कारण होतं. हे दारूविरुद्ध भाषणं देत. आमचा जिल्हा दारूबंदीचा, कागदावर कोरडा, त्यामुळे दारूविरुद्ध बोलणाऱ्याला इथं काम कधी कमी पडलं नाही. निवृत्तीनंतर तर गावोगावची बोलावणी. पांढरा सदरा, खांद्यावर शबनम, आणि ठरलेलं वाक्य: "मी आयुष्यात या विषाचा थेंबही जिभेवर ठेवला नाही." ते खरंच होतं. जिभेवर काय ठेवलं ते मात्र कोणी विचारत नसे. गोरसपाकची तुपाळ बिस्किटं चहात बुडवून एका बैठकीला आठ. लग्नात जिलबीचं ताट दोनदा. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या हे आठवण झाली तर घेत. वजन कमी करा म्हटलं तर म्हणत, "मला कसलंही व्यसन नाही." गोडाला वास येत नाही, एवढाच काय तो फरक.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. लिव्हरमध्ये चरबी साठते, शुगर आणि वजन असलं की ती वर्षानुवर्षं आतून जाळते, न पिणाऱ्यांनाही हे होतं. ह्यांनी त्यातलं शेवटचंच तेवढं ऐकलं. म्हणाले, "तसं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"मी पीत नाही, असं."

बाईंनी केसपेपरवर लिहिलं, मद्यपान: नाही. ह्यांनी त्या कागदाच्या झेरॉक्स काढायला लावल्या. भेटायला येणारा खुर्चीत टेकला की त्याच्या हातात कागद. येणारे वाचत, मान हलवत, "हो ना सर, तुमचं काय!" म्हणत आणि फाटकाबाहेर जाऊन चपला घालताना हळूच बोलत. आमच्या खिडकीतून फाटक जवळ आहे. "मास्तर लपून घेत असन." "त्याबिगर का लिव्हर जाते?" माझे सख्खे दीर त्यात होते. शेवग्याच्या शेंगा घेऊन आले होते.

पुढे पोटात पाणी भरायला लागलं. सुईने काढायचं, पंधरा दिवसांत पुन्हा पोट मटक्यासारखं. मीठ बंद, जेवण दोन घास, पाय सुजलेले. शिरांना रिंगा घालूनही एकदा पुन्हा रक्त गेलं. तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कागदावर पेनाने चित्र काढून मला दाखवलं, कारण हे कागदावर दुसरंच काही शोधत होते.

"लिव्हर कडक झालं की रक्त त्यातून जाऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "ते मागे तुंबतं, शिरांमध्ये दाब वाढतो. त्यानेच शिरा फुटतात आणि पोटात पाणी होतं. आपण मानेच्या शिरेतून बारीक नळी घालू, ती लिव्हरपर्यंत नेऊ आणि लिव्हरच्या आतच एका शिरेतून दुसऱ्या शिरेत वाट काढू. त्या वाटेत जाळीची नळी बसवायची. याला शंट म्हणतात. पोट कापायचं नाही."

"म्हणजे बरं होईल?" मी विचारलं.

"लिव्हर बरं होणार नाही. दाब उतरेल. आणि एक गोष्ट नीट ऐका. लिव्हर रक्त गाळतं. या वाटेनं काही रक्त न गाळताच पुढं जाणार. पोटातली घाण, म्हणजे अमोनिया वगैरे, मेंदूपर्यंत गेली तर माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. म्हणून एक पातळ औषध रोज घ्यायचं. दिवसातून दोन-तीनदा शौचाला झालंच पाहिजे. रोज एका वहीत सही करायला लावा. सही बिघडली की लगेच या."

हे म्हणाले, "या शंटच्या कागदावरही मद्यपानाचं लिहाल ना?"

वॉर्डात शेजारच्या खाटेवर हिंगणघाटकडचा एक वेल्डर होता. त्याचाही शंटच होणार होता, दुसऱ्या दिवशी. मोकळा माणूस. आल्या आल्या म्हणाला, "सर, तुमचं बी तेच नं? मानेतून?"

"आजार तोच," हे म्हणाले. "कारण वेगळं."

"मी लय पेलो," तो म्हणाला. "आता सोडली. पन ते तार जाते तवा कारण इचारत नसन."

ह्यांनी सिस्टरला बोलावून खाट बदलून मागितली. सिस्टरने सलाईनकडे पाहतच सांगितलं, खाट रिकामी नाही. मग हे दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या माणसाची बायको माझ्यासाठी चहा आणायची. ह्यांच्या वतीने तिची माफी मागावी असं तेव्हा मला वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तिच्यापासून जरा अंतर राखूनच बसावंसं वाटत होतं. मी पोस्टात काउंटरवर होते. पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या आधी पैसे काढायला धावत येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या, आणि आपण त्यांतल्या नाही याचं एक सुख मी रोज घरी घेऊन येत असे.

शंट नीट झाला. दोन-अडीच तास लागले. मानेवर एक छोटी पट्टी, बाकी अंगावर काही नाही. भेटायला आलेल्यांना ते पटेना. एवढ्या मोठ्या आजाराला एवढीशी पट्टी. महिन्याभरात पोट उतरलं, पायांची सूज गेली, सदरा पुन्हा सैल झाला. माणूस वाचला होता. आणि वाचल्यावर त्याने पहिलं काम केलं ते पातळ औषधाशी भांडण.

औषध गोड होतं, त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार दोन-तीनदा संडासला जाण्याची. "माझ्यासारख्या माणसानं सारखं उठून जायचं?" संडासात कोणत्या प्रकारची माणसं जातात हे मी विचारलं. वहीत सही मात्र रोज करत, कारण सही ह्यांची सुंदर होती.

पावसाळा संपता संपता देवळीजवळच्या एका गावाने व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला बोलावलं. हे तीन दिवस आधीपासून औषध टाळत होते. व्यासपीठावरून उठून जावं लागेल ही भीती. बाटली तेवढीच आहे हे मला दिसत होतं. हे दिवसा झोपत होते, तेही दिसत होतं. आदल्या दिवशीची सही ओळीखाली घसरली होती, तीही मी पाहिली, आणि गाडीत सोबत बसले. इतक्या महिन्यांनी बोलावणं आलं होतं. त्या कागदाच्या झेरॉक्स लोकांनी वाचून ठेवून दिल्या होत्या, आता ह्यांनी माईकसमोर उभं राहावं असं मलाही वाटत होतं. ह्यांच्याइतकीच मी मूर्ख.

सकाळी अकराचा कार्यक्रम. शाळेच्या मैदानात मंडप. ह्यांचं नाव पुकारलं, हे उठले आणि माईकपर्यंत तिरपे तिरपे गेले. सुरुवात ठरलेली. "मी आयुष्यात या..." आणि थांबले. पुन्हा, "मी आयुष्यात..." जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांवर घसरत होते. मग शेजारी बसलेल्या प्रमुख पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "तू. गृहपाठ कुठंय? बेंचवर उभा राहा." पाहुणे पंचायत समितीचे होते. ते हसले, म्हणून मंडप हसला. पुढच्या रांगेतून आवाज आला, "मास्तर फुल हाये." मोबाइल वर झाले. ज्या लोकांना दारू वाईट हे ऐकवायला जमवलं होतं, त्यांची सकाळ चांगली गेली. संयोजकाने माईक काढून घेतला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वहिनी, निदान आज तरी द्यायची नव्हती."

ह्यांना धरून गाडीत घातलं आणि घरी आणलं. दवाखान्यात नाही, घरी. डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी घरी. कारण दवाखान्यात चार ओळखीचे भेटतात.

फाटकात उतरवताना समोरची बाई आली. ती विधवा, शिलाईचं काम करते. तिचा नवरा सायकली दुरुस्त करायचा आणि प्यायचा, तो गेल्याला सात-आठ वर्षं झाली. आमचं तिच्याशी हळदीकुंकवापुरतंही नव्हतं. तिने विचारलं काहीच नाही. सरळ ह्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "सर, हात पुढं करा. असे. बोटं वर."

ह्यांनी केले. दोन्ही पंजे पाखराच्या पंखासारखे खाली पडत होते, वर येत होते.

"वैनी, हे पेलेले नाई," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता. झोपू देऊ नोका."

तिनंच ऑटो थांबवला आणि स्वतःही आमच्यासोबत बसली. सेवाग्रामला पोचेपर्यंत हे मला आई म्हणायला लागले होते. तिथं एनिमा दिला, औषध नाकातल्या नळीने पोटात सोडलं. बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"माह्या घरच्यायचे हात असेच हालत होते."

"पण ते तर..."

"त्यायनं सोडली होती. सा महिने झाले होते सोडून. त्या दिवशी गल्लीत पडले तवा पेलेले नोयते." ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. "डॉक्टरनं मंग सांगतलं मले. आधी आनलं असतं तर म्हने. मी आननार होती. कोनी हात लावाले आलं नाई. पेलेल्या मानसाले कोन उचलते?"

तो दिवस मला आठवत होता. तो माणूस आमच्या फाटकासमोर मातीत बसला होता, उठायचा, पुन्हा बसायचा. हे ओट्यावर उभे होते आणि शाळेतून येणाऱ्या मुलांना थांबवून दाखवत होते, बघा, दारू माणसाचं काय करते. मी खिडकी लावून घेतली होती. नंतर ह्यांनी तो प्रसंग भाषणात घातला. वर्षानुवर्षं सांगत. लोक त्या ठिकाणी टाळ्या वाजवत.

"तू बोलली का नाहीस कधी?"

"कोनाले बोलू? तुमी काऊन इचारलं नाई?"

सिस्टरने हाक मारली, म्हणून मी उठले.

दोन दिवसांत डोकं ताळ्यावर आलं. व्यासपीठावरचं ह्यांना काही आठवत नव्हतं. मी एकेक शब्द सांगितला, बेंचवर उभा राहा इथपर्यंत. मग समोरच्या बाईच्या नवऱ्याचं सांगितलं. ह्यांनी चादरीची किनार नीट दुमडून घेतली. मग म्हणाले, "मला कसं माहीत असणार? दिसायला तसंच दिसत होतं."

"हो," मी म्हटलं. "परवा तुम्हीही तसेच दिसत होता."

औषध आता हे बिनबोभाट घेतात. मी समोर उभी राहते. नागपूरला सोनोग्राफी झाली, शंट मोकळा आहे, पोटात पाणी नाही. बोलावणी थांबली. मोबाइलवरचा तो व्हिडिओ माझ्या दिरांनीच आम्हाला पाठवला, काळजी वाटली म्हणून. मंडपातल्या प्रत्येकाला खरं काय ते सांगत फिरावं असं ह्यांना वाटत होतं, पत्रक छापायचं होतं. मी म्हटलं, पत्रक राहू द्या, आधी समोर जाऊन या.

पंधरा दिवस टाळाटाळ झाली. आज ऊन आहे, आज तिच्याकडे गिऱ्हाईक आहे. शेवटी एका दुपारी गेले. मी खिडकीत होते, यावेळी उघड्या. ती मशीनवर बसली होती. हे अंगणात उभे राहून हातवारे करत बोलत होते, भाषणासारखंच. लिव्हर, अमोनिया, मेंदू, सगळं समजावत असावेत. ज्या गोष्टीत तिचा माणूस गेला ती गोष्ट तिला समजावत होते. ती शिवणीवरून नजर न काढता ऐकत होती. मध्ये एकदा हे थांबले, चष्मा काढला, पुसला. त्यानंतर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण फार थोडं होतं. तिने मशीन थांबवली. आत जाऊन पाण्याचा गिलास आणून दिला. ह्यांनी तो उभ्यानेच प्यायला आणि परत आले.

घरात आल्यावर सदरा काढून खुंटीला लावला. पंख्याखाली बसले. म्हणाले, "पाणी दिलं. पण बसा म्हणाली नाही."

"बरोबर केलं तिनं," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.