नित्याला न दाखवलेलं वाळवंट

आम्ही नित्याशी खोटं बोललो आणि तो ते खरं मानूनच गेला.

आज वर्ष झालं.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नितीन, आमचा नित्या. मूळचा नगरचा, इंग्लंडात मिल्टन कीन्समध्ये माझ्यापासून दोन राउंडअबाउट पलीकडे राहायचा. आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि वीकएंडला जुनी फोर-बाय-फोर घेऊन शेतांमधल्या कुठल्यातरी कच्च्या रस्त्यावर रुतून बसायचा. मग पराग आणि मी दोर घेऊन त्याला बाहेर काढायला हजर.

"इथे नुसता चिखल रे," बूट आपटत तो म्हणायचा. "मला कोरडं पाहिजे. आमच्या नगरच्या माळासारखं. गाडी पळवली की मागे धुरळा उठला पाहिजे."

म्हणून कॅलिफोर्नियातलं ते ठिकाण त्यानेच शोधलं. उंचावरचं वाळवंट, हाय डेझर्ट. त्यातला एक भलामोठा भाग खास ऑफ-रोड गाड्यांसाठी मोकळा ठेवलाय. बग्गी, म्हणजे वाळूत पळवायची उघडी गाडी, भाड्याने घ्यायची आणि सुटायचं.

कित्येक महिने त्याने आमचं डोकं खाल्लं. कुठली वाट सोपी, कुठला चढ अवघड, बग्गीला उंच काठीवर झेंडा का लावतात. (टेकडीपलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसावं म्हणून.) सगळं पठ्ठ्याला पाठ.

आणि नेमका तोच राहिला.

पराग आणि मी ब्रिटिश पासपोर्टवाले, आम्हाला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. नित्याने भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. "म्हातारपणी नगरला परत जायचंय बाबा." अमेरिकेच्या व्हिसाची अपॉइंटमेंट त्याला ट्रिपच्या आधीची मिळेचना.

आम्ही म्हटलं, कॅन्सल करू. पुढच्या वर्षी तिघं जाऊ.

"येडे का रे? जाऊन या तुम्ही. मी पुढच्या वर्षी केतकीला घेऊन जाईन, तुम्ही हवेत कशाला?"

केतकी म्हणजे त्याची बायको.

आम्ही गेलो. खरं सांगू? फार लवकर तयार झालो आम्ही. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या राइडनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्ता करत होतो तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल. इकडे त्याची संध्याकाळ, मागे कुकरची शिट्टी.

"बोला, बोला. कसं होतं?"

मी परागकडे पाहिलं. आपल्याकडे रीतच आहे ना. ज्याला लग्नाला येता आलं नाही त्याला आपण म्हणतो, "जेवण काही खास नव्हतं हो." राहून गेलेल्या माणसाच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

"काही विशेष नाही रे," मी म्हटलं. "फार टुरिस्टी झालंय. गाइडच्या मागे लाइनीत चालवायचं. जत्रेतली गाडी बरी."

परागने री ओढली. "त्यापेक्षा तुझा चिखल परवडला, नित्या."

तो हसला. "हात्तिच्या. म्हणजे फार मिस नाही केलं मी."

"छे रे, काहीच नाही."

एकही फोटो आम्ही कुठे टाकला नाही. व्हिडिओ फोनमध्येच ठेवले. मित्राचं मन राखलं म्हणून वर स्वतःवर खूश.

पुढच्या वसंतात त्याच्या किचनमध्ये चहा पिताना नित्या सहज म्हणाला, "अरे, व्हिसाची तारीख मिळाली होती. सोडून दिली. तुम्हीच म्हणालात तिथे काही नाही. यंदा केतकीला स्कॉटलंड दाखवतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण खोटं उघडं पडेल याची लाज वाटली. म्हटलं, सांगू कधीतरी, हसत हसत. आणि बिस्किट चहात बुडवलं.

पानगळीत नित्या ऑफिसच्या जिन्यात कोसळला. हार्ट अटॅक. अँब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं सगळं.

गेल्या रविवारी केतकीने वर्षश्राद्धाचं जेवण ठेवलं होतं. वाढता वाढता ती म्हणाली, "त्याचं तसं काही राहिलं नाही बघ. एक ते वाळवंट होतं, पण तेही काही धड नव्हतं म्हणे."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. परागने मान खाली घातली.

मी फोन काढून तिच्या हातात दिला.

व्हिडिओत आटलेल्या तळ्याची पांढरी जमीन आहे, पार क्षितिजापर्यंत. पराग स्टिअरिंगवर, मी लहान पोरासारखा किंचाळतोय. मागे धुळीचा लोट, समोर कुणी म्हणजे कुणी नाही. मग टेकडीच्या माथ्यावर आम्ही इंजिन बंद करतो, आणि एवढी शांतता की पराग कुजबुजत बोलतो. "बाप रे," म्हणतो. "बाप रे."

आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस होता तो माझा. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

केतकीने व्हिडिओ दोनदा पाहिला. रडली नाही.

"हे त्याला का नाही दाखवलंत?"

"त्याला वाईट वाटलं असतं, केतकी."

"मग वाटू द्यायचं ना! वाईट वाटलं असतं तर गेला असता तो."

ती आत गेली आणि थोड्या वेळाने भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली. आम्हाला वाढलं. तेही आम्ही जेवलो.

काल तिचा मेसेज आला. "तो व्हिडिओ सगळ्यांना दिसू दे." म्हणून खाली टाकतोय.

नित्या, श्रद्धांजली वाहायचा हक्क मला आहे का, माहीत नाही. तुझं मन राखलं असं वाटत होतं, आणि तुझं तिथे जाणंच अडवून बसलो.

माफ कर, मित्रा. येतो.