सामन्यानंतरचा फोन

ओल्या गवताचा वास सगळीकडे सारखाच असतो, असं मला फार वर्षं वाटत होतं. पण तसं नाही. पामर्स्टन नॉर्थच्या मैदानावर जुलैतल्या, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यातल्या दुपारी बुटांच्या खिळ्यांखाली जे गवत उखडलं जातं, त्याला थंड लोखंडाचा वास येतो, आणि त्यात पॅव्हिलियनच्या खिडकीतून येणाऱ्या, उकळून उकळून कडवट झालेल्या काळ्या चहाचा वास मिसळला की मला कळतं, आज शनिवार आहे आणि आज दुपारभर तरी मला स्वतःचा विचार करावा लागणार नाही. या गावाला वाऱ्यावाचून करमत नाही. पूर्वेच्या डोंगररांगेवर पवनचक्क्यांची रांग आहे. त्या पहाटेच्या धुक्यात फिरतात, दुपारच्या पांढुरक्या उन्हात फिरतात, आणि फिरतात त्या तिथल्या तिथंच. एवढी धडपड करून जागेवरून तसूभर न हलणारी, माझ्याखेरीज दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

मी इथं शिकायला आलो आणि दुधाच्या भुकटीची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत चिकटलो. इथल्या कुर्द निर्वासितांच्या फुटबॉल क्लबाशी माझा संबंध आला तो निव्वळ माझ्या तोंडाळपणामुळे. कोल्हापूरचा माणूस फुटबॉलच्या मैदानाशेजारून मुकाट्यानं जाऊ शकत नाही. आमच्याकडे पेठेपेठेची तालीम असते, तालमीत लाल माती असते आणि तालमीचाच फुटबॉलचा संघ असतो. सामन्याच्या दिवशी सख्खे मेहुणे एकमेकांच्या दारावरून मान वळवून जातात. तेव्हा बाजाराची पिशवी हातात घेऊन कुंपणाबाहेर उभा असताना मी ‘ऑफसाइड!’ म्हणून ओरडलो, यात नवल काहीच नव्हतं. नवल हे, की मध्यंतरात पांढऱ्या मिशांचा एक रुंद माणूस कुंपणापाशी आला आणि त्यानं माझ्या हातात पिवळं निशाण ठेवलं.

“तुला एवढं दिसतं ना, मग हे धर,” तो म्हणाला.

खालच्या श्रेणीच्या सामन्यांना पंच एकटाच येतो. रेषेवर निशाण घेऊन धावणारा माणूस प्रत्येक संघानं आपापला द्यायचा असतो. त्या दिवसापासून कुर्दांचा रेषेवरचा माणूस मी झालो. त्या रुंद माणसाचं नाव रेबवार. सगळे त्याला ‘काक रेबवार’ म्हणत; काक म्हणजे थोरला भाऊ. आमचं बोलणं दोघांच्याही मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले, आणि बहुधा म्हणूनच आम्ही एकमेकांशी कधी खोटं बोललो नाही. खोटं बोलायला भाषा चांगली लागते. मैदानाच्या मध्यापासून कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत धावायचं आणि परत मध्यापर्यंत यायचं, एवढंच माझं काम. आत पाऊल टाकायचं नाही, सोडून जायचं नाही.

माझं आयुष्यही तेव्हा असंच एका पट्टीवर चाललेलं होतं. कायमच्या वास्तव्याचा अर्ज दाखल होता, जुन्या व्हिसाची मुदत सरली होती, आणि निर्णय लागेतो वापरायला म्हणून जो तात्पुरता व्हिसा मिळतो, तो मिळाला होता. त्या व्हिसाची गंमत अशी की, देशाबाहेर पाऊल टाकलं की तो संपतो. राहा, कमवा, कर भरा, मुलीला शाळेत घाला. फक्त दार उघडून बाहेर जाऊ नका. दार सताड उघडं असतं, हीच त्यातली खोच. बंद दारावर माणूस निदान डोकं तरी आपटू शकतो.

क्लबाचा इतिहास मला काक रेबवारनं तुकड्यातुकड्यांनी सांगितला, पॅव्हिलियनमध्ये जाळ्या गुंडाळता गुंडाळता. हे लोक निर्वासित म्हणून इथं आले, त्या पहिल्या हिवाळ्यात त्याची आई तिकडे, डोंगरातल्या त्यांच्या गावी वारली. ज्या देशातून जीव घेऊन पळालो, त्या देशात मातीलाही जाता येत नाही. त्यांच्यात कोणी गेलं की तीन दिवस ‘पिर्से’ बसते. भिंतीकडेनं खुर्च्या मांडतात, लोक येतात, बसतात, चहा पितात, गेलेल्या माणसाबद्दल विचारतात. पण भाड्याच्या घराच्या बैठकीत चार माणसं मावेनात. म्हणून त्यांनी नगरपालिकेकडून हे मैदानावरचं पॅव्हिलियन भाड्यानं घेतलं. तीन दिवस माणसं बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी बसणं असह्य होऊन कुणीतरी कपाट उघडलं, त्यात कुणाचा तरी विसरलेला, अर्धवट हवा गेलेला चेंडू होता. चांगले सदरे घातलेली, दाढी न केलेली माणसं मोजे काढून मैदानात उतरली. खेळता खेळता काक रेबवार पहिल्यांदा रडला. घरात रडलो असतो तर बायकोला सांभाळावं लागलं असतं, तो म्हणाला, मैदानात कुणाला कळतं, घाम कुठला आणि डोळे कुठले. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. मग दर शनिवारी.

सगळ्यात खालच्या श्रेणीत त्यांनी नाव नोंदवलं, तेव्हा लोक त्यांना हरवायला हौसेनं येत. पहिला मोसम मार खाण्यात गेला. कधी पुरेशी माणसं नसत, कारण निम्मी माणसं कत्तलखान्याच्या पाळीवर. त्यांना वर काढलं ते इथल्या वाऱ्यानंच. या गावात चेंडू उंच मारला की तो वाऱ्याचा होतो, हे इथले लोक पिढ्यानपिढ्या जाणतात आणि तरीही उंचच मारतात. काक रेबवारनं फर्मान काढलं, चेंडू गुडघ्याच्या वर जाता कामा नये. मार्चमध्ये सरावाला आरंभ होई, तोही नवरोजच्या दिवशी. वसंतातलं त्यांचं नवं वर्ष इथं पानगळीत येतं, जसा आमचा पाडवा. मी गॅलरीत उभारलेली गुढी वाऱ्यानं आडवी करावी आणि मैदानावर यांनी लोखंडी पिंपात जाळ करून त्यावरून उड्या माराव्यात, असा आमचा दोघांचा दक्षिण गोलार्धातला वसंत. त्या जाळाच्या उजेडात ते आखूड आखूड पास देत राहत, जमिनीलगत, एकमेकांच्या पायांत, न बोलता. पुढच्या मोसमात हसणारे हसायचे थांबले. त्याच्या पुढच्या मोसमात ते एक श्रेणी वर गेले, मग आणखी एक, आणि सामन्याला गावातले गोरे म्हातारेही घडीच्या खुर्च्या घेऊन येऊ लागले.

या सगळ्याचा सर्वांत मोठा चाहता मात्र कोल्हापुरात होता. माझे वडील, अण्णा. इथला सामना संपतो तेव्हा तिकडे सकाळच्या चहाची वेळ असते. निशाण हातात ठेवूनच मी फोन लावायचो आणि पलीकडून, प्रकृती नाही, पाणी नाही, पहिला प्रश्न यायचा, “काय रं, कुर्द्यांनी काय केलं?” मग मी फोन मोठ्या आवाजावर टाकायचो आणि घामेजलेली सगळी पोरं त्याभोवती गोळा होऊन ओरडायची. अण्णांना त्यांचं कळत नसे, त्यांना अण्णांचं. पण जिंकलं की पलीकडून “शाब्बास!” येई, आणि तो शब्द त्या पोरांनी इतका उचलला की गोल झाला की मैदानभर ‘शाबास, शाबास’ सुरू होई. विरोधी संघाला तो कुर्दी शब्द वाटायचा. फोन ठेवायच्या आधी मागून आईचा आवाज हटकून यायचा, “कधी येतोस?”

गेल्या वर्षी प्रादेशिक श्रेणीत जायची संधी एका सामन्यावर आली होती. शेवटच्या काही मिनिटांत हेमिननं गोल मारला. हेमिन आमचा सगळ्यात वेगवान गडी. आणि माझा हात वर गेला. चेंडू सुटला तेव्हा तो शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता. मी पाहिलं होतं, आणि पाहिलेलं न पाहिल्यासारखं करायची सवय मला तोवर तरी नव्हती. गोल रद्द झाला, संधी गेली. पॅव्हिलियनमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही. त्या दिवशी फोन मी कुंपणाबाहेर जाऊन केला.

“होता का पुढं?” अण्णांनी विचारलं.

“होता.”

“मग झालं तर. बाप असला तरी निशाण वर.”

पुढच्या शनिवारी काक रेबवारनं पुन्हा निशाण माझ्या हातात दिलं. हेमिननं मात्र त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

या वर्षी जूनमध्ये अण्णांचा उजवा भाग लुळा पडला, वाचा गेली. भाऊ म्हणाला, ये. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. मेघना, माझी बायको, रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणायची, “जा तू. काय व्हायचं ते होईल.” पण काय व्हायचं ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. मी गेलो की व्हिसा गेला, व्हिसा गेला की नोकरी, आणि तिचं काम, आमच्या लेकीची, इराची शाळा हे सगळं त्याच एका खुंटीला टांगलेलं. इरा एकदा जेवताना म्हणाली, “सो वुई आर जस्ट स्टक, बाबा?” मी तिला मराठीत बोल म्हणून रागावलो. उत्तर देण्यापेक्षा ते सोपं होतं. प्रयोगशाळेत भुकटीचे नमुने तपासताना मला वाटायचं, या पांढऱ्या दाण्यांनासुद्धा जहाजातून जगभर जाता येतं. मला मत्सर वाटायचा, दुधाच्या भुकटीचा.

फोन मात्र थांबला नाही. भाऊ व्हिडिओ लावून अण्णांसमोर फोन धरायचा. पोरं ओरडायची. अण्णा बोलू शकत नसत. ते डावा हात हळूहळू वर करायचे, रेषेवरच्या माणसासारखा सरळ, आणि इकडे एकच गिल्ला होई.

सप्टेंबरच्या आरंभी, कोवाईची झाडं पिवळ्या फुलांनी लगडली असताना, गुरुवारी अण्णा गेले. पंचगंगेचा घाट मी हातातल्या काचेत पाहिला. भावानं गर्दीतून फोन उंच धरला होता, त्यामुळे चिता, नदी, आकाश सगळं हलत होतं. मग नेट गेलं. काच काळी झाली आणि तिच्यात माझाच चेहरा उरला. मी कामावर गेलो. दुसरं काय करायचं असतं, हे इथं सांगणारं कोणी नव्हतं.

शनिवारी वरच्या श्रेणीत नेणारा तोच सामना होता, गेल्या वर्षी हुकलेला. तिकडे त्याच सकाळी रक्षाविसर्जन. सुतकात मैदानावर जातोस, असं मेघना म्हणाली नाही. तिनं बूट पुसून दाराशी ठेवले होते. मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांचा दिवस होता. वारा इतका होता की कोपऱ्यातले झेंडे आडवे झाले होते, आणि मी धावत होतो, मध्यापासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यापासून मध्यापर्यंत, आणि मनात एकच चाललं होतं की या रेषेच्या पलीकडे कुठंही जायला मला आता कारण उरलं नाही. अखेरीला हेमिन सुटला. जमिनीलगत पास आला. विरोधी बचावपटू हात वर करून माझ्याकडे वळले, “ऑफसाइड, ब्रो! कमॉन!” हेमिनही चेंडू घेऊन धावता धावता क्षणभर माझ्याकडे पाहून गेला. तो मागे होता. मी स्पष्ट पाहिलं होतं. माझा हात खालीच राहिला.

गोल झाला, आणि सामनाही तिथंच संपला. ढोल वाजू लागला, करंगळीत करंगळी अडकवून नाचाची साखळी बांधली जात होती. पोरं माझ्याभोवती गोळा झाली. हेमिन सगळ्यांत पुढे होता. “फोन लाव! शाबासला फोन लाव!” अण्णांना ते तेच नाव देत. मी निशाण गुंडाळत राहिलो. गुंडाळून झालं तसं पुन्हा उलगडलं.

“तिकडे फोन घेणारं कोणी नाही,” मी म्हणालो. “गुरुवारी गेले.”

काक रेबवारनं ढोलाकडे नुसतं पाहिलं. ढोल थांबला. मग तो आत गेला आणि खुर्च्या ओढल्याचा आवाज येऊ लागला. मी म्हणालो, अरे, आज नको, आज तुमचा दिवस आहे. तो म्हणाला, “हा क्लब कशासाठी आहे, असं तुला वाटलं?”

भिंतीकडेनं खुर्च्या लागल्या. चषक खिडकीत ठेवला गेला आणि कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. चिखलानं माखलेली, आत्ताच जिंकलेली पोरं हात मांडीवर ठेवून बसली. हरलेल्या संघाचा कप्तान निरोप घ्यायला आला होता. त्यानं दारातच टोपी काढली, “सॉरी, मेट,” एवढं म्हणाला आणि तोही एका खुर्चीवर बसला. कुणीतरी माझ्या हातात चहा दिला. मला दाराजवळची खुर्ची दिली होती, घरच्या माणसाची. दार उघडंच होतं; बाहेर वारा, मैदान, मैदानापलीकडे त्या पवनचक्क्या. काक रेबवार म्हणाला, “सांग. सामना बघायला तुझे वडील कुठं बसायचे?” या एका प्रश्नासाठी मी गुरुवारपासून थांबलो होतो, हे मला तेव्हा समजलं. मी सांगू लागलो. गोलच्या मागे, डाव्या हाताला, पायऱ्यांवर, खिशात भाजलेले शेंगदाणे.

तेवढ्यात फोन वाजला. शनिवारच्याच वेळेला. आई होती. माणसं घाटावर गेली होती, घरात ती एकटी असावी. आईनं आयुष्यात एकही सामना पाहिलेला नाही. अण्णांच्या त्या खुळावर तिनं जन्मभर कपाळाला हात लावला. मी बाहेर जायला उठलो, तर काक रेबवारनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. सगळी खोली ऐकत होती.

“जिंकली का रं तुझी माणसं?” आईनं विचारलं. “ह्यांनी पहिलं हेच विचारलं असतं. म्हणून विचारलं.”

“जिंकली, आई.”

“बरं झालं,” ती म्हणाली. कधी येतोस, असं मात्र तिनं या वेळी विचारलं नाही.