पांढऱ्या गोऱ्ह्याला जोड

प्रश्न विचारायची मला भारी खोड. माय म्हणायची, "हिचं तोंड हाये का चक्की?" पण त्या वर्षी आमच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जे चाललं होतं ते पाहून मुका माणूसही बोलला असता.

आमच्या गाईला गोऱ्हा झाला होता. पांढराशुभ्र, फक्त शेपटीचा गोंडा काळा. पण एकट्या गोऱ्ह्याचं करता काय? औताला जोडी लागते, आणि माझ्या बाला जोड हवी होती ती अगदी तशीच, गोंड्यासकट. नांदुऱ्यापासून देऊळगाव राजापर्यंतचे बाजार त्यानं पालथे घातले. कुठं रंग जुळायचा, तर गोंडा जुळायचा नाही. जानेफळचा एक शेतकरी आमचा गोऱ्हा मागत होता. बा त्याला म्हणाला, "सालभर थांबा. जोड नाई झाली तं घेऊन जा." त्या गोऱ्ह्याला मी हातानं चारत होते, तो माझा पदर चघळत होता.

मग बाला युक्ती सुचली. त्याच गाईची थोरली लेक, आमची तांबडी कालवड, माजावर आली होती. देवाला सोडलेल्या ज्या सांडाचा हा गोऱ्हा होता, त्यालाच ती दाखवायची, आणि त्या वेळी गोऱ्हा तिच्या पुढ्यात उभा करायचा. गाय जे पाहील तसं वासरू होणार! शेजारी म्हणाला, मेहकरला सरकारी सांड आलाय, तिकडं न्या. बा उसळला, "सरकारले आपल्या गोऱ्ह्याचा रंग काय ठाव?"

कालवड गाभण राहिली. बानं गव्हाणीसमोर आपलं पांढरं धोतर टांगलं, तिच्या डोळ्यांपुढं सदा पांढरंच राहावं म्हणून. काळ्या शेळीला कोठ्यात बंदी! माय करवादली, "धोतर शेणानं बरबटलं, आता त्या कालवडीलेच नेसव!" मी आपली विचारत सुटले. तिनं डोळे मिटले तर? आंधळ्या गाईला कुठल्या रंगाचं वासरू होतं? बा चिडायचा नाही. उलट विचारात पडायचा आणि म्हणायचा, "हाव व, हे पाहाले पाह्यजे."

दिवस भरले. एका दुपारी कालवड व्यायला लागली. मी आणि बा गुडघ्यांवर बसून पाहत होतो. आधी खूर दिसले, मग नाक, मग सगळं अंग सुळकन बाहेर आलं. पांढरं! गोंडा काळाकुट्ट! बा नाचायचाच काय तो बाकी होता. "म्हनलो नव्हतो? म्हनलो नव्हतो?" मायनं वासराची शेपटी उचलली.

"कालवड हाये," ती म्हणाली.

आमच्याकडं गाईच्या मानेवर कुणी जू ठेवत नाही. म्हणजे जोड झालीच नाही. मी विचारलं, "बा, आपन रंग मांगतला, गोऱ्हा मांगाचं राह्यलंच का?" "राह्यलंच व," म्हणून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मला इतकं हसू आलं, की जानेफळच्या माणसाची आठवण होईपर्यंत मी हसतच होते.

आठवडाभरानं तो आला. बानं दिलेला शब्द, मागं घेणार कसा? मी गोऱ्ह्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. बा समजूत घालायला लागला, "रडू नको व माय. कोठ्याची रीतच हाये. जोड नसली का गोऱ्हा परक्या घरी जाते. पन कालवड घरीच राह्यते. तिच्यावरच तं कोठा वाढते. तिले कोनी देते का?"

माझी सोयरीक त्याच उन्हाळ्यात जुळली होती, लग्न पंधरवड्यावर आलं होतं. मी डोळे पुसले आणि खरंच कळेना म्हणून विचारलं, "मंग मले काऊन देऊन राह्यला?"

जानेफळचा माणूस दावं धरून खोळंबला होता. बा त्याच्यावरच खेकसला, "न्या ना हो लवकर, पाहता काय!" आणि पाठ फिरवून कोठ्यात गेला.