रामाजीचा पडदा अन् नूतनचं शीड

वडश्याच्या नाटकवाल्यायले विचारा, पडदा ओढावा तर आमच्या रामाजीनंच. दिवाळी झाली का यायचा मुक्काम मंडपात. एकदा राजाचा मुकुट पडला, एकदा स्टेजचा खांब कलला, पण यायनं मधातून पडदा पाडला नाई. लोकायसमोर उघडलं तर शेवटपर्यंत नेवाचं, म्हणतात. डोक्शात गोटे भरले हायेत या माणसाच्या, मी बायको आहो म्हणून सांगून राह्यली.

आमची पोरगी नूतन लहानपणी त्यायच्या पडद्याच्याच दोरीले लोंबकळे. एनसीसीतून ती शिडाच्या होड्यायच्या शर्यतीत गेली, तिथंही तिच्या हाती दोरच आला. स्पिनेकर म्हणतात त्या शिडाले. वारा मागून असला का होडीच्या तोंडाशी चढवाचं, भलंमोठं, रंगीत, पोट फुगलेलं. वारा जास्तच उठला तर झटकन उतरवाचं, नाई तर होडी उलटते. होडीत दोघीच, सुकाणू ऊर्जानगरच्या निशात नावाच्या पोरीच्या हाती होतं. वयाच्या अटीत बसाचं दोघीयचं हे शेवटचं साल. पहिल्या तीन होड्यायत आल्या तर संघात निवड, हॉस्टेल, शिक्षण, सारंच. नाई तर घरी वापस. दुसरा रस्ताच नव्हता आमच्यापाशी.

शर्यतीच्या सकाळी यायनं फोनवर तिले बजावलं, "एकदा चढवलं का पाडू नको, बाई. वाऱ्याले भेवाचं नाई." मी भांडे घासत ऐकून राह्यली होती. मले काय समजते त्यातलं?

दुपारी तिचा फोन आला. होडी उलटली, साऱ्यायच्या मागं राह्यल्या. दोर अडकला होता म्हणे. हे भिंतीले टेकून बसले ते उठेचना. मंडपातून बोलावणं आलं तवा कसेबसे गेले. मग तिनं मले पुन्हा फोन लावला.

"आई, दोर नाई अडकला. आम्ही तिसऱ्या होतो. वारा उठला, निशात वरडत होती, पाड, पाड. मी धरूनच राह्यली. मले बाबाचंच ऐकू येत होतं."

ती रडत होती. निशात तिच्याशी बोलत नाई, तिचंही सारं गेलं ना. शेवटी म्हणाली, "बाबाले सांगू नको."

वाटलं, सरळ मंडपात जावं अन् साऱ्यायसमोर या माणसाची गचांडी धरावी. गेली नाई. धाय मोकलून रडता बी येईना, शेजारी लगेच विचारतात काय झालं म्हणून. पोरीचं आता काय करू, काहीच सुचून नाई राह्यलं.

अन् हे चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, भेटेल त्याले सांगत फिरतात का दोर खराब दिला शर्यतवाल्यायनं, माह्या पोरीचा घात केला. जेवण सुटलं हाये. काल ताटावर बसले, घास तसाच हातात.

"सत्यशीला, दोर नसता अडकला तर तिनं टिकवलंच असतं ना शीड? मी सांगतलं तसं?"

"हो," मी म्हणली, अन् त्यायले भात वाढला.