पाणीगेटाबाहेरची सावली

या सदरातले अनुभव मी वाचनालयात उभ्याउभ्या वाचतो आणि, राग मानू नका, पण हसतो. भूतखेत, भानामती... रंगाच्या भट्टीपाशी राबणाऱ्या माणसाला असल्या गोष्टींना फुरसत नसते. माझी शाळा मराठी तिसरीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण जे लिहितो आहे ते दिवसाढवळ्या पाहिलेलं आहे. आज दुपारीसुद्धा पाहिलं.

मी मूळचा राजापूरकडचा. आगबोट, मग आगगाडी करत बडोद्यास आलो. मांडवीजवळच्या करसनकाका रंगाऱ्यांनी मला ठेवून घेतलं. त्यांची भाषा येत नव्हती तरी जेवू घातलं, कापड रंगवायला शिकवलं. ते उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. काकांना मूलबाळ नव्हतं. एक दिवस म्हणाले, "दखणी, माझे गुडघे गेले. तू स्वतःची जागा घे. गिऱ्हाईक मी वळवतो." इकडे आम्हा मराठी लोकांना दखणीच म्हणतात.

जागा मलाही हवीच होती, पण कारण वेगळं होतं. बायको आणि मुलगी यमू गावी, माझ्या भावाच्या घरी. दर खेपेला सांगून यायचो — जागा झाली की नेतो. शेवटच्या खेपेला यमूने मला ओळखलं नाही. आईच्या पदराआड जाऊन विचारते, "हे कोण आलेत?" बडोद्यास परतलो तो जागा शोधायलाच लागलो.

माझ्या ऐपतीत बसणारी एकच जागा निघाली. पाणीगेटाबाहेर, जुन्या खळ्याचा तुकडा. आत गोड्या पाण्याची विहीर, कडेला एक खोली. मालकीण जीवीबा, एकटी विधवा. मी विसार काढून पुढे केला तर बाईंनी हात मागे घेतला.

"पहेलां छांयो जो, दीकरा," त्या म्हणाल्या. "पछी वात कर."

आधी सावली बघ, मग बोल! मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी खूळ. त्यांनी मला जागेच्या मधोमध नेलं. भर दुपार, वर निरभ्र आकाश... आणि जमिनीवर झाडाची सावली. चार खाटा मावतील एवढी, दाट, मधूनमधून उन्हाचे कवडसे. वाऱ्याची झुळूक आली तशी ती हललीसुद्धा. मी वर पाहिलं. झाड नव्हतं. आजूबाजूलाही नव्हतं.

"इथं झाड कधी होतं का?"

"मी लग्न करून आले तेव्हा नव्हतं. सासऱ्यांनी पण कधी नाही बघितलं." बाई अगदी शांत होत्या. "वीटभट्टीवाला आला, पळून गेला. घोडे बांधायला हवी म्हणून एक जण आला, तो पण गेला. न दाखवता विकली असती तर केव्हाच गेली असती. पण तसं पाप नाही करायचं, भाई."

मी घाबरलो. गावाकडे झाडावर काय काय राहतं ते ऐकून होतो. पण इथं झाडच नाही, मग राहणारा राहतो तरी कुठं? आणि बायकोला कळलं तर ती इथं पाऊल ठेवील का? दुसरी जागा परवडत नव्हती. आणि ही जागा नको म्हटलं, तर यमू आणखी किती वर्षं मला पाहुणा समजणार!

काकांना घेऊन गेलो. सोबत जागा पाहायला एक मोजणीदार साहेब होते, शिकलेले. त्यांनी चष्मा पुसून चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "दृष्टिभ्रम आहे, निव्वळ भास." एवढं बोलून आपलं स्टूल उचललं आणि त्या भासात नेऊन, घाम पुसत बसले.

काका हसून लोटपोट. त्यांनी बरोबर ओले कुसुंबी फेटे आणले होते. कुसुंबी रंग उन्हात उडतो; तो वाळवायला सावली शोधत आम्ही गल्लीगल्लीतून फिरत असू. काकांनी दोरी बांधून फेटे त्या सावलीत टाकले. संध्याकाळी काढले तर रंग जसाच्या तसा, कुठे फिका डाग नाही.

"अरे दखणी, लोक सावलीसाठी झाड लावतात, वीस वर्षं वाट बघतात. तुला तयार मिळते अने तू रडतो?"

मी जागा घेतली. जीवीबांनी स्वतःच्या हाताने गूळ दिला.

बायकोला मात्र कळवायचा धीर झाला नाही. वैशाखात दोघी आल्या. स्टेशनवरून टांग्याने आणलं, खोलीत सामान टाकलं आणि मी भाजी आणायला गेलो. परत येतो तो यमू बरोबर त्या सावलीत, गोधडीवर गाढ झोपलेली. बायको शेजारी बसून वर पाहत होती.

"अहो, झाड कुठाय?"

पिशवी हातातच होती. म्हटलं, आता लपवून उपयोग नाही. सगळं सांगितलं... जीवीबा, वीटभट्टीवाला, फेटे. शेवटी म्हणालो, "तुला भीती वाटत असेल तर परत पोचवतो."

तिने यमूकडे पाहिलं. यमूच्या अंगावरचे कवडसे हलत होते. मग ती उठली, पदर खोचला.

"म्हणजे रोज पाला तरी लोटायला नको," ती म्हणाली. "विहिरीचा पोहरा कुठं ठेवलाय?"

त्या संध्याकाळी आमची चूल पहिल्यांदा बडोद्यात पेटली. मी धूर लागल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

याला बरीच वर्षं झाली. कॉलेजातले एक प्रोफेसर येऊन बसून गेले, एक महाराजही मंत्र म्हणून गेले. कुणालाच उलगडा झाला नाही. मलाही नाही. ज्यांना सांगता येईल त्यांनी जरूर यावं, मात्र दुपारी यावं, सतरंजी घालू. फाल्गुनात ती सावली विरळ होते, जणू पानगळ झाली. चैत्रात पुन्हा भरते. आणि दर वर्षी थोडी थोडी पसरते. यंदा आमच्या उंबऱ्याला लागली आहे. कसलं झाड आहे ते अजून कळलं नाही... पण वाढतंय, एवढं नक्की.