मोजकाकांचं कपाट

ताप आलाय असं मोजकाकांना सांगायला गेलं, तर ते ‘अरेरे’ वगैरे काही म्हणत नसत. म्हणत, "मोजलास का?" भूक लागली म्हटलं तरी, "शेवटचं कधी खाल्लंस? किती तास झाले?" यंदा थंडी फार आहे असं कुणी बोललं, की ते खिडकीतला तापमापक बघून यायचे आणि मगच स्वेटर घालायचे. पारा हवा तेवढा उतरलेला नसला, तर बिचारे कुडकुडत बसायचे, पण स्वेटरला हात लावायचे नाहीत. त्यांचं खरं आडनाव गल्लीतल्या निम्म्या पोरांना ठाऊकच नव्हतं.

बडोद्याच्या रावपुऱ्यात आमच्या समोरच्या घरात ते आणि काकू राहायचे. एकुलता एक मुलगा शिकायला बाहेर गेला तो तिकडचाच झाला. काकांचे वडील जुन्या संस्थानात बाजारातली वजनमापं तपासायच्या नोकरीत होते, आणि काका स्वतः एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक. मोजणं घरात दोन पिढ्या मुरलेलं. त्यांच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं कागद चिकटवलेले असत आणि दर रविवारी काटा काढून घरातल्यांचं वजन त्यावर लिहिलं जायचं. काकू काट्यावर चढताना म्हणायच्या, "घ्या, चढला तुमचा कांद्याबटाट्याचा माल!"

रविवार म्हणजे आमच्यासाठी विज्ञानाचा कार्यक्रम. दूरदर्शनवर सकाळी लागायचा आणि गल्लीतली दहा-बारा पोरं काकांच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसायची. मधमाशी दिशा कशी सांगते, ज्वालामुखी का फुटतो, कानाच्या आत काय असतं. सांगणारा माणूस घाई करायचा नाही, ओरडायचा नाही, आणि एखादी गोष्ट अजून कुणालाच माहीत नसेल तर तसं सरळ सांगायचा. काका वही घेऊन टीव्हीसमोर बसत. मध्येच वीज गेली की घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करत. आता माझ्या घरी शंभरावर चॅनेल आहेत. त्यातल्या एकावरही मला अर्धा तास शांतपणे मधमाशी बघायला मिळत नाही. बटणं दाबून दाबून अंगठा दुखतो आणि मी टीव्ही बंद करून टाकते.

एकदा त्या कार्यक्रमात मेणबत्तीचा प्रयोग दाखवला. ताटलीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती, वर पेला उपडा घातला की मेणबत्ती विझते आणि पाणी आत चढतं. आतला प्राणवायू जळून गेला म्हणून पाणी चढलं, असं त्यांनी सांगितलं. काका अस्वस्थ झाले. दुपारभर आम्हाला घेऊन त्यांनी एक मेणबत्ती, मग दोन, मग तीन लावून बघितल्या. प्राणवायू तेवढाच, पण मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढायचं. म्हणजे खरं कारण तापून बाहेर पळालेली हवा; आत उरलेली निवून आकसली की पाणी चढतं. त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं, आणि काय सांगू, पुढे एका रविवारी ते टीव्हीवर वाचून दाखवलं गेलं! "बडोद्याहून एक प्रेक्षक लिहितात..." आम्ही पोरं पलंगावर चढून नाचलो. काकूंनी सगळ्यांच्या हातावर श्रीखंड ठेवलं आणि हसत म्हणाल्या, "मेणबत्तीचं एवढं ऐकता, माझं कधी ऐकाल?" आम्हीही हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता कळत नाही.

काकूंना मधुमेह होता. काका त्यांची काळजी घेत नसत असं मी म्हणणार नाही, उलट जरा जास्तच घेत. गोळ्या वेळेवर द्यायचे, भात वाटीनं मोजून वाढायचे, तपासणीचा कागद हातात आला की, "किती आली?" एवढंच विचारायचे. कमी आली तर खूष. जास्त आली तर काकूंचा लिलो चेवडो महिनाभर बंद. लिलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा तो ओलसर, गोडसर बटाट्याचा चिवडा, काकूंचा जीव की प्राण. तो बंद झाला की त्या आमच्या घरी येऊन आईजवळ कुरकुरायच्या, "ह्यांना बायको नको होती गं, थर्मामीटर हवा होता."

मग केबल आली आणि तिच्या मागोमाग पथ्यांची साथ आली. कुणी दुपारपर्यंत फक्त फळं खायचं, कुणी भिजवलेले बदाम सोलून शेजारणींना वाटायचं, कुणी पोळीचं नावच टाकलं. काकांना चेव आला. ओट्यावर बसून ते जाणाऱ्या-येणाऱ्याची उलटतपासणी घ्यायचे. "किती जणांना दिलं? त्यातले किती बरे झाले? न घेता किती बरे झाले असते?" समोरचा सुटका करून घ्यायला म्हणायचा, "जवा दो ने, काका, जाऊ द्या." तरी काका सोडायचे नाहीत. सगळ्या रावपुऱ्यात थापा ओळखणारा त्यांच्यासारखा माणूस नव्हता. आणि नेमकं त्यांच्याच घरात ते घडलं.

काकूंची बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला राहायची. तिच्या सोसायटीत दर गुरुवारी डभोईहून एक गृहस्थ यायचे, सगळे त्यांना दुधीवाला भाई म्हणत. चाळीस दिवस धान्य बंद, गोळ्या बंद, दोन वेळा दुधीचा रस. मधुमेह मुळासकट गेलाच म्हणून समजा. काकू भजनाला जाते सांगून गुरुवारी हरणीला जायला लागल्या. काकांनी दिलेली गोळी त्या पदराआड टाकून द्यायच्या, मोजून वाढलेला भात त्यांची पाठ वळली की गाईला घालायच्या.

काकांना पत्ता नव्हता. पण रविवारी काटा काढला की काकूंचं वजन उतरलेलं दिसायचं. वीस वर्षं जे काही केल्या उतरत नव्हतं, ते दर रविवारी उतरत होतं. काका इतके खूष, की मला मुद्दाम बोलावून कपाटाचं दार उघडून आकडे दाखवले. "बघ! शिस्त लावली की शरीर ऐकतं." काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तांब्या तोंडाला लावून त्या घटाघट पाणी प्यायल्या, परत भरायला उठल्या. "उन्हाळा आहे गं," मला म्हणाल्या. मी तेव्हा होम सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. खूप तहान लागणं, वजन झपाट्यानं घटणं, हे माझ्या पुस्तकात छापलेलं होतं आणि परीक्षेत मी ते लिहूनही आले होते. माझ्या डोक्यात आलं नाही. ते मला अजून सलतं.

पुढच्याच आठवड्यात काकू बोलता बोलता बरळायला लागल्या आणि मग उठेचनात. इस्पितळात नेलं तेव्हा साखर अशी वाढलेली, की डॉक्टर काकांवरच ओरडले, "घरात कुणी लक्ष देतं की नाही?" बहिणीनं रडत रडत सगळं सांगितलं. काका बाकावर बसून राहिले. डॉक्टरांना कुठलाही आकडा त्यांनी विचारला नाही.

काकू शुद्धीवर आल्या तेव्हा मी तिथेच होते. काका म्हणाले, "मला सांगायचं तरी होतंस." काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तो भाई थापाड्या असेल हो. पण पहिल्या दिवशी त्यानं मला समोर बसवलं आणि विचारलं, ‘बेन, तमने केवुं लागे छे?’ आणि मी सांगत होते तोवर ऐकत बसला. अर्धा तास. मला कसं वाटतंय हे तुम्ही कधी विचारलंत? सांगा ना." मी बाहेर येऊन जिन्यावर बसले.

काकू घरी आल्या, पण पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. दोनेक वर्षांनी गेल्या. मोजकाकांनी त्यानंतर कुणाला ‘मोजलंस का’ म्हटल्याचं मी ऐकलं नाही. ओट्यावरच्या उलटतपासण्याही थांबल्या. भेटायला गेलं की विचारायचे, "कशी आहेस?" आणि उत्तराची वाट बघत बसायचे. घाईत ‘मजामां’ म्हटलं तर म्हणायचे, "नीट सांग. मला वेळ आहे."

आज मी लोकांना काय खावं ते सांगून पोट भरते. खरं सांगायचं तर कंटाळून गेले आहे. रोज कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि नवा भाई, नवा रस, नवे चाळीस दिवस दाखवतं. पूर्वी मी तावातावानं भांडायचे, पुरावे द्यायचे. ते मान डोलवायचे आणि रस प्यायला जायचे. आता मी मोबाइल बाजूला ठेवायला सांगते, काट्याकडे नंतर नेते, आधी विचारते, "कसं वाटतंय?" काही जण रडतात. त्यातले काही गोळ्या चालू ठेवतात. सगळे नाही.

काका गेले तेव्हा त्यांचा मुलगा आला, चार दिवसांत घर रिकामं करायला काढलं. मला म्हणाला, "कपाट भंगारात देतोय. तुला काही हवंय का बघ." मी दार उघडलं. कागद तसेच होते. चौसष्ट, बासष्ट, साठ. साठच्या पुढे काकांच्या बारीक अक्षरात ‘शाबास’. मग सत्तावन्न. त्यानंतर एकही आकडा नव्हता. रविवारच्या तारखा मात्र होत्या, आणि प्रत्येकीपुढे एकेक ओळ.

‘आज म्हणाली, पायाला मुंग्या येतात. चोळून दिले.’

‘आज म्हणाली, लिलो चेवडो खावासा वाटतो. आणला. न मोजता दिला. हसली.’

‘आज म्हणाली, तुमचा कार्यक्रम बंद करा, बोलत बसू. बंद केला.’

अशी दोन वर्षं. मी उभ्या उभ्या सगळी वाचली. शेवटच्या कागदावर लिहिलं होतं, ‘आज तीनदा विचारलं. काही बोलली नाही.’

त्याखाली त्यांनी पुढच्या रविवारची तारीख घालून ठेवली होती.