बिनधुराचं इंजिन

निघताना मायनं मला दारातच अडवलं. अण्णा आधीच कारमध्ये जाऊन बसले होते. गळ्यात मफलर, खिशात श्वासाचा पंप आणि चेहऱ्यावर वरातीला निघाल्यासारखी घाई. माय म्हणाली, इंजिनात बसव, हात फिरवू दे, काय फोटो काढायचे ते काढ, पण कोळसा टाकायच्या फावड्याला, त्या बेलच्याला, हात लावू द्यायचा न्हाई. डॉक्टरांनी त्यांना चुलीपुढं बसायचीसुद्धा बंदी केलेली. मी हो म्हणाले. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. माझा हात धरून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. पन्नाशीला टेकलेली बाई मी, नांदेडात माझा स्वतःचा स्टुडिओ आहे, आणि लातूरच्या गल्लीत उभी राहून आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेत होते. शेजारीण बघत होती ते वेगळंच.

अण्णा छोट्या गाडीवर फायरमन होते. लातूरहून निघायची ती अरुंद रुळांची गाडी आता राहिली नाही, तिथं मोठी लाईन झाली. पण जवानीची सगळी वर्षं अण्णांनी तिच्या भट्टीत कोळसा टाकला, आणि त्याची किंमत आता त्यांची फुप्फुसं मोजतायत. न्हाणीघरातून खाटेपर्यंत आले तरी दम लागतो. तोंड मात्र चालूच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

लातूरपासून थोड्या अंतरावर त्या जुन्या लाईनीचा एक तुकडा शौकिनांनी राखून ठेवलाय. थंडीत एखाद्या रविवारी त्यावर वाफेचं इंजिन दोन डबे ओढतं आणि लांबलांबचे फोटोवाले मोठाल्या लेन्सा घेऊन शेताच्या बांधावर उभे राहतात. मी एरवी लग्नांचे फोटो काढते. पण हे कळल्यापासून माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की अण्णांचा इंजिनावरचा एक तरी फोटो हवा. त्या काळात त्यांचा फोटो कोण काढणार? तिथल्या ड्रायव्हरला फोन करून सगळं सांगितलं. भला माणूस. म्हणाला, खुशाल आणा, माझ्या शेजारी बसवतो.

आता धुराचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फायरमननं एकदम ढीगभर कोळसा टाकला की तो नीट जळत नाही आणि धुराड्यातून काळा लोट निघतो. थोडा थोडा, भट्टीत सगळीकडं पसरून टाकला की धूर दिसत नाही, नुसती पांढरी वाफ निघते. अण्णांच्या वेळी काळा धूर म्हणजे फायरमनची नाचक्की. साहेब बोलायचे, सोबतचे हसायचे. आमचं क्वार्टर लाईनीला लागून होतं. संध्याकाळी माय दारात उभी राहून लांबवर बघायची. काळा लोट दिसला की म्हणायची, दुसऱ्याची हाय, आणि पुन्हा डाळ निवडत बसायची. पांढरी वाफ दिसली की म्हणायची, गाडी आली, आणि तवा चुलीवर ठेवायची. तिचा अंदाज कधी चुकला नाही. आम्हा पोरांना भूक लागलेली असायची, म्हणून आम्हीही धुराकडंच बघायचो.

त्या रविवारी अण्णांना इंजिनावर चढवायला दोन माणसं लागली. वर गेल्यावर त्यांनी आधी मफलर सैल केला. भट्टीच्या दाराच्या दांड्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. मग ड्रायव्हरनं त्यांना लाकडी फळीवर बसवलं आणि मी पळत वळणापाशी जाऊन बाकीच्या फोटोवाल्यांत उभी राहिले.

तिथली रीत अशी, की गाडी टेकाडाच्या मागं न्यायची आणि फोटोवाल्यांसमोरून जोरात आणायची. नीट जमलं नाही तर पुन्हा मागं न्यायची. फोटोवाल्यांचा एक म्होरक्या होता, डोक्यावर टोपी, हातात वायरलेस. धूर पाहिजे, काळाभोर पाहिजे, असं तो इंजिनावरच्यांना सांगत होता. तिथला फायरमन बिचारा सांगेल तसं करायचा. पहिल्या फेरीला असा काही लोट काढला की मागचे डबे दिसेनात. सगळे खूश. मला मात्र त्या लोटात अण्णा कुठं दिसले नाहीत.

गाडी मागं जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबली. अण्णा खोकत होते, पण रागानं लाल झाले होते.

"ही काय पद्धत हाय? बापाचा कोळसा हाय का ह्यांच्या?"

मी म्हटलं, अण्णा, गप बसा, ह्यांना फोटोसाठी तसाच धूर लागतो. उतरता का आता? तर म्हणाले, एक फेरी राहिली, बसलोय की गुमान. बोलताना नजर बेलच्यावर होती. मायनं मला काय शपथ घातलीय ते मी सांगितलं. मी त्यांना तिथंच खाली उतरवायला हवं होतं, पण ड्रायव्हरनं शिट्टी दिली आणि गाडी टेकाडाआड गेलीसुद्धा.

मग ती येईचना. एरवी पलीकडून आधी धूर वर यायचा, मग गाडी. आता टेकाडावर आभाळ कोरं. टोपीवाला वायरलेसवर ओरडायला लागला. माझ्या शेजारचा म्हणाला, विझलं वाटतं. मला वाटलं, अण्णांना काही झालं आणि गाडी थांबवून ठेवलीय. कानात फक्त मायचा आवाज. पळत जावं म्हटलं तर रुळावर जायची बंदी, आणि शेतातून जायला वाट नाही.

तेवढ्यात शिट्टी झाली आणि इंजिन टेकाडाच्या आडून बाहेर आलं. धुराड्यावर काळा ठिपकासुद्धा नव्हता. नुसती पांढरी वाफ, कापसासारखी, आणि खालून चाकं अशी पळत होती की रूळ थडथडत होते.

बाजूचे सगळे वैतागले. हे काय, धूर कुठंय, वाया गेली फेरी. काहींनी कॅमेरे खाली केले. मला मात्र हसावं की रडावं कळेना. बेलचा कुणाच्या हातात आहे ते त्या बांधावर मला एकटीला कळलं होतं. म्हाताऱ्यानं माझी शपथ मोडली होती. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या, आणि त्याच दमात बटण दाबलं. एकच फोटो.

गाडी पार जवळ आली आणि धुराड्यातून एकदम काळा लोट उसळला. वाफ गिळून टाकली त्यानं. आजूबाजूला आनंदीआनंद झाला, सगळे कॅमेरे एकदम वाजायला लागले. टोपीवाल्यानं टाळी वाजवली. मी कॅमेरा तिथंच बांधावर टाकला आणि इंजिनामागं पळत सुटले, कारण बेलचा अण्णांच्या हातातून सुटला होता. दुसरं काहीच कारण असू शकत नव्हतं.

गाडी थांबेपर्यंत माझा श्वास संपला होता. अण्णा कोळशाच्या ढिगाला टेकून बसले होते. ओठ निळे, डोळे वटारलेले, हात खिशातला पंप चाचपत होता पण बोटांना तो सापडत नव्हता. मी पंप काढला, तोंडात धरला, दाबला. पुन्हा दाबला. ड्रायव्हर आणि फायरमननं त्यांना उचलून कारमध्ये घातलं. फायरमन रडकुंडीला आला होता. म्हणाला, मी नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलंच नाही, हातातून ओढून घेतला.

लातूरपर्यंत मी कशी गाडी चालवली ते मला विचारू नका. एक डोळा रस्त्यावर, एक त्यांच्या छातीवर. छाती हलतेय की नाही एवढंच बघत होते. दवाखान्याची पाटी दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझी बाही ओढली.

"दिसलं का?"

"काय, अण्णा?"

"धुराडं."

"दिसलं," मी म्हटलं. "बोलू नका आता."

वाचले. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर. अण्णांना ऑक्सिजन लावला होता तेवढे सगळे दिवस माय माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. डबा आणायची, त्यांचं तोंड पुसायची, मला चहासुद्धा विचारायची नाही. मी माफी मागितली तर तिनं मान फिरवली. तिचं चुकलं असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार?

घरी आणल्यावर अण्णा खाटेवर डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. मायच्या समोर त्यांचीही पाचावर धारण बसलेली. ड्रायव्हरनं कॅमेरा घरपोच केला होता. तो काळ्या लोटाचा फोटो फोटोवाल्यांपैकी कुणीतरी मला मोबाईलवर पाठवला होता. लई गाजला म्हणे. मी तो कुणाला दाखवला नाही. कॅमेऱ्यातला माझा एक फोटो तेवढा मायपुढं धरला. म्हटलं, शिव्या घालायच्या तर घाल, पण एकदा बघ.

तिनं पदरानं पडदा पुसला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. इंजिनात अण्णा नीट दिसतही नव्हते, एक वाकलेली पाठ आणि मफलरचं टोक. पण ती तिकडं बघतच नव्हती. ती वर, धुराड्याकडं बघत होती. बराच वेळ बघत होती. मग कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवून ती उठली, आत गेली आणि गॅसवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

"तुझ्या बापाला उठव," ती आतून म्हणाली. "गाडी आली."